'झेड'मधला न्यायाधीश व्हा

'झेड' पाहून उठणाऱ्या आपल्या मुलांना मारला गेलेला खासदार आठवतो. लक्षात ठेवायला हवा तो तपास करणारा न्यायाधीश.

ग्रीसचे खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर मे १९६३ मध्ये थेसालोनिकीत पोलिसांच्या डोळ्यांदेखत हल्ला झाला. त्यात ते गेले. खुनाला अपघात ठरवायचा प्रयत्न झाला. वासिलिस वासिलिकोस यांनी त्यावर कादंबरी लिहिली. तिच्यावरून कोस्टा-गाव्रास यांचा हा फ्रेंच सिनेमा १९६९ मध्ये आला आणि २०१२ मध्ये दिबाकर बॅनर्जींचा 'शांघाय'. 'झेड'मधला न्यायाधीश आधी कोणालाच 'खून' म्हणू देत नाही. पुरावे जमल्यावर तो स्वतःच तो शब्द उच्चारतो आणि दबाव आला तरी मागे घेत नाही.

आता आपल्या पालघरकडे या. १६ एप्रिल २०२०, गडचिंचले. चोरांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला पोलिसांसमोर ठार केले. समाजमाध्यमांवर बोट मुसलमानांकडे वळले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुसलमान नव्हता. आपण सुटकेचा श्वास सोडला आणि विषय संपवला. तीन माणसे मेली होती, तरी!

२ जून २०१४ रोजी हडपसरला आयटीत काम करणारा मुसलमान तरुण जमावाने मारला. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. पुरावे कुठे गेले, असे आपण विचारले. योग्यच विचारले. मग हाच प्रश्न गडचिंचल्याबद्दल का नाही?

कोणी म्हणेल, आमच्यासाठी कोण उभे राहते? तक्रार खोटी नाही. पण सूरह निसाची १३५वी आयत स्वतःच्या विरुद्ध जाणारी साक्षही द्यायला सांगते. समोरचा काय करतो, ही अट तिथे नाही.

म्हणून बोईसर-तारापूरच्या मित्रांनो, डोळ्यांसमोर काही घडले तर व्हिडिओ फॉरवर्ड करत सुटू नका. व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत मूळ फाईल राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश नोंदवावी लागते. मूळ फाईल जपा, वकिलाला गाठा, साक्षीला उभे राहा. मेलेल्याचा धर्म नंतरही विचारू नका.