यंत्र आणि आपण : दूरच्यांना दिसावी दिवाळी

दिवाळीची पहाट. समई तेवते आहे, पाट-रांगोळी मांडली आहे आणि परदेशातल्या लेकीला हे सारे थेट दिसावे म्हणून मोबाईल तिवईवर बसवला आहे. तिला दिसते काय? करड्या ठिपक्यांत हरवलेली आई आणि चौकटीचौकटींनी फुटलेली ज्योत! घरचे म्हणतात, “नेट खराब.” मंडळी, दरवेळी बिचाऱ्या नेटच्या माथी खापर फोडू नका. आधी निदान, मग औषध.

दोष तीन ठिकाणी असू शकतो : कॅमेऱ्यात, पाठवणीत किंवा पाहणाऱ्याकडे. त्याच जागी, त्याच उजेडात मिनिटभर साधे चित्रीकरण करून पाहा. तेही गढूळ असेल तर दोष कॅमेऱ्याचा किंवा उजेडाचा. ते स्वच्छ असेल तर पाठवणीचा. इतरांना नीट दिसते आणि एकीलाच दिसत नाही, तर तिच्याकडचा.

बहुधा घोडे उजेडापाशीच अडते. अंधारात कॅमेरा चित्र ओढूनताणून उजळतो, त्याबरोबर ठिपकेही उजळतात. आता चित्र पाठवताना सगळे पुन्हा पुन्हा पाठवत नाहीत. मुख्यतः आधीच्या चित्रापेक्षा बदललेले तेवढेच धाडतात. ठिपके तर क्षणोक्षणी बदलतात! सगळी ताकद त्यांच्यावर खर्च होते आणि आईच्या चेहऱ्याला काही उरत नाही. फुलबाजीच्या ठिणग्यांचेही तेच. म्हणून पणत्या खुशाल लावा, पण कॅमेऱ्याच्या बाजूने एक साधा दिवाही लावा. भिंग मऊ कापडाने पुसा. त्यावर तेलाचे बोट हमखास उमटलेले असते. मागचा कॅमेरा बहुधा पुढच्यापेक्षा सरस असतो, तोच वापरा. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याची मांडणी 50 हर्ट्झवर आणा; आपल्याकडची वीज तेवढ्याची आहे.

पाठवणीत पाहायचा तो अपलोडचा वेग, डाउनलोडचा नव्हे. तो 5 मेगाबिट भरला, तर प्रक्षेपणाच्या ॲपमध्ये बिटरेट 3 च्या आसपास ठेवा. बाकीचा चढउतारासाठी राहू द्या. एवढ्या वेगात 1080 चा हट्ट नको. त्या एका चित्रात 20,73,600 बिंदू असतात, 720 च्या चित्रात 9,21,600. थोड्या पिठात मोठी पोळी लाटली की ती फाटायचीच!

वाय-फायची पेटी जवळ असेल तर 5 गिगाहर्ट्झची वाट धरा. 2.4 च्या वाटेवर शेजाऱ्यांची गर्दी असते, शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुडतो. संगणकावरून प्रक्षेपण असेल तर सरळ तार जोडावी. आणि घरातल्या मोबाईलांचा फोटो-बॅकअप तेवढा वेळ बंद ठेवा. काल काढलेले दोनशे फोटो नेमके औक्षणाच्या मुहूर्तावर वर चढू लागले, तर अपलोडची वाट तुंबते.

पाहणाऱ्याकडे ‘ऑटो’ असेल, तर तिचे नेट मंदावताच चित्र आपोआप हलक्या प्रतीचे होते. अशा वेळी तिने इतर डाउनलोड थांबवावेत आणि वाय-फायच्या जवळ बसावे.

हे सारे आदल्या दिवशी पहाटेच्याच अंधारात करून पाहावे. दुपारच्या उन्हातली तालीम फसवते. चित्रपट पुन्हा लावता येतो, पण आईने निरांजन ओवाळलेला क्षण पुन्हा लावता येत नाही. तो लेकीपर्यंत स्वच्छ पोहोचावा, एवढ्यासाठी ही अर्ध्या तासाची खटपट.