योग साधला, क्षेमाचे काय?

नवरात्राची आठवी माळ चढली की आमच्या कळंब गावात झेंडूच्या फुलांचे ढीग लागतात. दुसरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी विळे, कोयते, पहारी, वखराची पास, शिवणयंत्र आणि अंगणात उभी असलेली वाहने धुऊन-पुसून पूजेला मांडायची, ही रीत श्रीचिंतामणीच्या या क्षेत्री काय किंवा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या लहानशा खेड्यात काय, आजही अखंड चालू आहे.

पूजेच्या या पंक्तीत अलीकडे एक नवे वाहन येऊन बसले आहे. बंगळूरची चिमुकली रेवा २००१ साली रस्त्यावर आली, तेव्हा विजेवरची मोटार हे आपल्याकडे केवळ कौतुक होते. २०२० मध्ये टाटांची विजेवरची नेक्सॉन आली, २०२१ मध्ये राज्य शासनाने विजेवरील वाहनांचे धोरण जाहीर केले आणि पाहता पाहता तालुक्याच्या गावांतील अंगणांतूनही रात्री गाडीला वायर लावलेली दिसू लागली. आमच्या चिरंजीवांनीही तीन वर्षांपूर्वी अशी एक गाडी घेतली. चावी हाती देताना विकणारे गृहस्थ म्हणाले, "महाराज, हिला तेल नाही, पाणी नाही, काही नाही. चार्ज करा आणि चालवा." ते बोल आम्ही श्रुतिवचनासारखे प्रमाण मानले. त्याची फळे पुढे भोगली, म्हणून हा लेखनप्रपंच.

ते बोल सर्वस्वी खोटे होते असे नाही. या गाडीत इंजिन नाही. त्यामुळे इंजिन ऑइल, त्याची गाळणी, स्पार्क प्लग, क्लच हा सारा परिवार तिच्यापाशी नाही. परंतु 'काही नाही' हे म्हणणे घातक आहे. ब्रेक आहेत, ब्रेकचे ऑइल आहे, बॅटरी थंड राखणारे कूलंट आहे, गिअरपेटीत थोडेसे का होईना तेल आहे, आणि एक सोडून दोन बॅटऱ्या आहेत.

'योगक्षेम' हा शब्द आपण नित्य उच्चारतो. जे आपल्यापाशी नाही ते मिळणे हा योग, आणि जे मिळाले त्याचे रक्षण होणे हा क्षेम, असा त्याचा अर्थ आचार्यांनी केला आहे. वाहन घरी आले, पेढे वाटले, हा योग झाला. क्षेम तेथून पुढे सुरू होतो. यावर आमच्या एका श्रोत्यांनी भर मंडपात विचारले होते की, भक्ताचा योगक्षेम मी वाहतो असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले असताना आपण कशाला काळजी करावी? प्रश्न श्रद्धेचा होता, म्हणून उत्तरही महाभारतातूनच दिले.

द्रोणपर्वातील जयद्रथवधाचा प्रसंग आठवावा. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य कलू लागलेला, भोवती कौरवसेना, आणि रथाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन थकलेले. अशा क्षणी, शत्रूच्या ऐन मध्यभागी, रथ थांबवला गेला. अर्जुनाने बाण मारून भूमीतून पाणी काढले. आणि गीता सांगणाऱ्या त्याच भगवंतांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण उपटले, स्वहस्ताने त्यांना चोळले, पाणी पाजले, न्हाऊ घातले आणि मगच पुन्हा जुंपले. योगक्षेम वाहण्याची भगवंतांची पद्धत ही अशी आहे. वेळ नव्हता, ही सबब त्यांनी सांगितली नाही.

आता आमची कहाणी. श्रावणात देवळातील सप्ताहामुळे आमचे बाहेरगावचे कार्यक्रम नव्हते. गाडी जवळजवळ चार आठवडे अंगणात पावसात उभी होती. भाद्रपदात नेर तालुक्यातील एका खेड्यात कीर्तन झाले, रात्री साडेअकराला गाडीपाशी आलो, तो दार उघडेना. दिवा नाही, आवाज नाही. येताना पडद्यावर सत्तर टक्के विद्युत्भार दिसत होता, तो गेला कोठे? तो जागच्या जागीच होता. मोठ्या बॅटरीतील शेकडो व्होल्टचा प्रवाह मोटारीकडे सोडणारी जी कळ असते, ती एका लहानशा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. दाराचे कुलूप, दिवे, गाडीचा सारा मेंदू तिच्याच आधारावर असतो. ती लहान बॅटरी उभ्या उभ्या रिती झाली होती. कोठारात धान्य भरलेले, पण किल्ली धरणारा कारकून बेशुद्ध, अशी आमची अवस्था झाली. किल्लीच्या पोटात लपलेल्या धातूच्या पात्याने दार उघडले, एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिली, चिरंजीवांनी पुस्तिका वाचून तारा जोडल्या, तेव्हा गाडी शुद्धीवर आली.

ही लहान बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षे टिकते, आणि विदर्भातील उन्हाळा तिचे आयुष्य आणखी घटवतो. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे का ते पाहावे. तिसऱ्या वर्षानंतर दर वर्षी तिची तपासणी करून घ्यावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर काय करावे हे पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेरच निघालेली नसते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. त्याच वर्षी नवरात्रात माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालो. आर्णी, धनोडा करून पैनगंगा ओलांडली, गड चढलो, दर्शन झाले. उतरताना चिरंजीव गाडी चालवीत होते, मागे सूनबाई आणि नातू. वळणावर पुढची रिक्षा एकाएकी थांबली. ब्रेक जोरात दाबला, तशी गाडी सरळ न थांबता डावीकडे ओढली गेली. डावीकडे अनवाणी पायांनी उतरणाऱ्या बायाबापड्यांची रांग होती. शेवटच्या बाईच्या परडीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. त्या माउलीने मागे वळून आमच्याकडे पाहिले, काही बोलली नाही. तो चेहरा आम्ही विसरलो नाही.

यवतमाळला मेकॅनिकने चाके काढली आणि हसून म्हणाला, "महाराज, ब्रेक वापरलाच नाही तुम्ही, म्हणून गंजला!" आम्हांला ते कोडेच वाटले. त्याचा उलगडा असा: विजेच्या गाडीत पाय उचलताच मोटारच उलटी राबू लागते, वेग कमी करते आणि त्या वेगाची वीज करून बॅटरीत परत भरते. त्यामुळे ब्रेकचे पॅड चकतीला क्वचितच घासतात. पॅड वर्षानुवर्षे झिजत नाहीत, याचा मालकाला आनंद होतो. पण पेट्रोलच्या गाडीत जो घर्षणाने रोज उडून जातो, तो गंज येथे चकतीवर साचत राहतो. पॅडची पकड ज्या खुंट्यांवर सरकते, त्या सुकून अडकतात. आमच्या एका बाजूची पकड अडकली होती, दुसरी चालत होती. गाडी एकीकडे ओढली गेली ती त्यामुळे. उपाय साधा आहे. वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, चाके काढून ब्रेक साफ करावेत आणि खुंट्यांना त्यासाठीचेच वंगण द्यावे. एरवीही मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, अधूनमधून ब्रेक जरा दाबून वापरावा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करणाऱ्या या जिल्ह्याला खरे तर हे सांगावे लागू नये. बंडीच्या आखाला वंगण घातल्यावाचून आमचे आजोबा बाजाराला निघत नसत.

ब्रेकच्या ऑइलविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तेथील दोष डोळ्यांना दिसत नाही. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी चालो वा न चालो. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर १५५ अंशांवरही उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पायाखालचे पेडल पोकळ लागते, आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. विजेच्या गाडीत मोटार ओझे वाहते म्हणून ब्रेक फारसे तापत नाहीत, हे खरे. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते. चिखलदऱ्याला मुक्काम करून, रात्रभर गाडी शंभर टक्के भरून, सकाळी घाट उतरणाऱ्या यात्रेकरूंनी हे ध्यानी घ्यावे. त्या उतारावर मोटारीची मदत फारशी मिळत नाही, सारा भार पॅडवर आणि त्या ऑइलवर येतो. उंचावर असताना ऐंशी टक्क्यांवर थांबावे. ऑइल सामान्यतः दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिका सांगेल तेव्हा, बदलावे. आमचे तीन वर्षे तसेच होते.

कूलंटचे निशाण वर्षातून दोन-तीनदा पाहावे, तेही गाडी थंड असताना. ते उणे झाले तर विहिरीचे वा नळाचे पाणी कदापि ओतू नये. आपल्याकडचे पाणी क्षारांनी जड. आणि बॅटरीभोवती फिरणारे कूलंट तर अनेक गाड्यांत वीज फारशी वाहू न देणारे, निराळ्याच जातीचे असते. पाणी मात्र वीज वाहते. नारिंगी रंगाच्या जाड तारांना घरच्या कोणीही हात लावू नये. तो अधिकार शिकलेल्या माणसाचा.

मोठ्या बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा गाडी निंबाच्या सावलीत उभी करावी, लांबचा प्रवास करून येताच लगेच जलद चार्जिंगला लावू नये. निकेलच्या जातीची बॅटरी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी. लोह-फॉस्फेटची असेल तर अधूनमधून सावकाश पूर्ण भरावी लागते, नाही तर तिच्या भाराचा हिशेब चुकू लागतो. आपली कोणती, हे विकत घेतानाच विचारून ठेवावे. दीर्घकाळ गाडी ठेवायची असेल, तर भार निम्म्याच्या आसपास असावा. दसऱ्याला आपण ज्या शमीचे पूजन करतो, त्या शमीवर पांडवांनी अज्ञातवासाला जाताना शस्त्रे ठेवली. पण ठेवण्यापूर्वी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या, असे विराटपर्व सांगते. ताणलेले धनुष्य वर्षभर ठेवले तर त्याची लवचीकता जाते. शंभर टक्के भरून महिनोन्‌महिने ठेवलेल्या बॅटरीचेही तसेच होते.

निगा राखली तर यंत्र किती जगते, हे पाहायला यवतमाळकराला दूर जावे लागत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील आपल्या शकुंतलेला ओढणारे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९२१ साली बनलेले. ते १९९४ पर्यंत राबले. पुढे डिझेलचे नवे इंजिन आले, पण रुळांची निगा राहिली नाही. वेग उतरत गेला आणि आज ती गाडी बंद आहे.

पूजा करू नये, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. लोखंडातही चैतन्य पाहणारी ही दृष्टी आमची आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. तरी दोन-तीन पथ्ये पाळावीत. चार्जिंग चालू असताना पूजा मांडू नये. कापूर गाडीपासून दूर पेटवावा. नारळ दगडावर फोडावा, चार्जिंगच्या झाकणापाशी नव्हे. कुंकवाचा टिळा पुढच्या वा मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर लावू नये. गेल्या वर्षी आमच्या शेजारी तसा लावला गेला आणि बिचारे दोन दिवस मागचे सारे जग लाल पाहत होते.

आमच्या घरी यंदा अष्टमीलाच गाडीचे बॉनेट उघडले जाईल. चिरंजीव कूलंटचे निशाण पाहतील, नातू लहान बॅटरीची टोके कोरड्या फडक्याने पुसण्याचा हट्ट धरील, आणि त्याला बापाच्या देखरेखीखाली, गाडी बंद असताना, तेवढे करू द्यावे असे ठरले आहे. ब्रेकची सफाई पावसाळा संपताच झाली. पुढच्या वेळी ऑइल कधी बदलायचे, ती तारीख सूनबाईंनी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर एकादशीच्या खुणेखाली लिहून ठेवली आहे.