वाघ दिसला नाही म्हणून

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पाहुण्यांची रीघ लागते. मुंबई, पुणे, नागपूर येथून, किंबहुना परदेशांतूनही लोक ताडोबाचे अरण्य पाहण्यास येतात. वैशाखातील ज्या झळांना भिऊन येथील शहाणा मनुष्य भर दुपारी घराबाहेर पडत नाही, त्याच झळा सोसून हे लोक उघड्या जिप्सी गाडीत बसतात. तेव्हा त्यांची हौस लहानसहान नव्हे, हे उघड आहे. अशा पाहुण्यांचे आपल्या मुलखाविषयी काय मत होते, आणि ते कितपत न्याय्य असते, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

पाहुण्यांची मते ऐकावीत, तर ती बहुधा दोनच प्रकारची आढळतात. ज्यांस वाघ दिसला, त्यांच्या मते ताडोबासारखे स्थळ त्रिभुवनात नाही. ज्यांस दिसला नाही, त्यांच्या मते पैसे पाण्यात गेले. अरण्य तेच, तळे तेच, वाटाड्याही तोच. परंतु एका जनावराने त्या घटकेस वाट ओलांडली की नाही, एवढ्यावर साऱ्या प्रदेशाची परीक्षा होते.

ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. युरोपातील आल्प्स पर्वतात झेरमॅट, सेंट मॉरिट्झ, शामोनी अशी गावे आहेत. पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी हिवाळ्यात तेथे प्रवाशांची गर्दी होते. हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सामने १९२४ साली शामोनी येथेच झाले. तेथेही बर्फ भरपूर पडले तर गाव उत्तम, न पडले तर सुटी वाया, असाच न्याय चालतो. वास्तविक ही गावे प्रवासी येण्यापूर्वी कित्येक शतके गुरे राखून व गवत कापून जगत होती. अलीकडे ऊबदार हवेमुळे सखल उतारांवर बर्फ कमी पडू लागले, तेव्हा यंत्राने बर्फ तयार करून उतारांवर पसरण्याची तोड तेथील लोकांनी काढली. आमच्याकडे तशी सोय नाही. यंत्राने वाघ निर्माण करता येत नाही.

मग हट्टी प्रवाशाचे समाधान कसे करावयाचे? येथेच अनर्थाचे बीज आहे. वाघ दिसताच गाड्या त्याच्याभोवती दाटतात. सन २०२४ च्या अखेरीस नागपूरनजीकच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडविली; त्या प्रकाराची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास आपण होऊन घ्यावी लागली. यात दोष एकट्या गाडीवानाचा आहे काय? जो पाहुणा वाघाशिवाय दुसऱ्या कशावरही प्रसन्न होत नाही, त्याचाही वाटा त्यात आहे, असे आम्हांस वाटते.

आणि येथे पाहण्यासारखे दुसरे काही नाही काय? ताडोबा हे नावच आदिवासींच्या तारू या देवावरून पडले, असे सांगतात. त्याचे ठाणे तळ्याच्या काठी आहे. १९५५ साली हे अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने. साग, बांबू, ऐन, तेंदू व मोह यांच्या त्या रानात गवे, अस्वले व रानकुत्रीही राहतात. वैनगंगेपलीकडे मार्कंडा येथे कोरीव शिल्पांनी नटलेली प्राचीन देवळे उभी आहेत. आमच्या सावलीचेच पाहा. १९३६ साली गांधी सेवा संघाची परिषद येथे भरली आणि महात्मा गांधी सावलीस येऊन राहिले. ते येथे वाघ पाहण्यास आले नव्हते. खादीचे काम करणारे हे गाव होते, आणि तेवढी योग्यता त्यांस पुरेशी वाटली.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ज्या महिन्यांत पाहुणे वाघाच्या शोधात येतात, त्याच महिन्यांत सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांतील गोरगरीब मोहफुले वेचण्यास व तेंदूपाने तोडण्यास पहाटे रानात शिरतात. सन २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. एक जण वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो. दुसरी तो दिसू नये म्हणून देवाचा धावा करते. पहिल्याचे मत सर्वत्र ऐकू जाते. दुसरीस तिचे मत कोण विचारतो?

पाहुणे येऊच नयेत, असे मात्र आमचे म्हणणे नाही. त्यांच्यामुळे रानालगतच्या गावांतील तरुणांस वाटाड्याचे व गाडीवानाचे काम मिळाले. स्त्रियाही आता वाटाड्याचे काम करू लागल्या आहेत. जिवंत वाघापासून चार घरांची चूल पेटते हे कळल्यावाचून गावकरी वाघाचे रक्षण मनापासून कसे करतील? म्हणून पाहुण्यांस नाकारणे हा उपाय नव्हे. त्यांची दृष्टी विशाल करणे हा होय, आणि हे काम यजमानाचे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, अब्राहामाने भर उन्हात आपल्या तंबूच्या दाराशी आलेल्या अनोळखी वाटसरूंचा सत्कार कसा केला, ही कथा तुम्हांस ठाऊक आहे. तुमच्या घरी सुटीत शहरातील आप्त येतील. त्यांस वाघाच्या गोष्टी अवश्य सांगा. परंतु त्यांस मोहाचे झाड दाखवा, असोलामेंढ्याच्या तलावावर न्या, आणि तेंदूपुडे बांधणाऱ्या एखाद्या मावशीशी चार शब्द बोलू द्या. मात्र त्याआधी त्या झाडांची नावे व त्या माणसांची सुखदुःखे तुम्हांस स्वतःस ठाऊक असली पाहिजेत. पालकांसही विनंती आहे की, मुलांस हे शिकविण्याचा भार केवळ शाळेवर टाकू नये. परत जाणाऱ्या पाहुण्यास "वाघ दिसला का?" असे विचारण्याऐवजी "काय काय पाहिले?" एवढे जरी आपण विचारू लागलो, तरी त्याच्या मतात पुष्कळ पालट होईल, अशी आम्हांस आशा आहे.