नेटकेपणाची मर्यादा

बंगळूरच्या यशवंतपूर भागात, तुमकूर मार्गावर, १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील मोजमाप अतिशय सूक्ष्म. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी तापमान एका अंशाने वाढताच मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने वाढते. म्हणून अचूक लांबी २० अंश सेल्सियस तापमानाला धरूनच सांगण्याचा जगभर संकेत आहे.

परंतु यंत्रविद्येत कोणताही भाग अगदी तंतोतंत करावा, असा आग्रह नसतो. आराखड्यावर मापाशेजारीच किती कमीजास्त चालेल तेही लिहितात. कारागीर त्याला ‘टॉलरन्स’ म्हणतात. फिरणाऱ्या शाफ्टला तो अगदी थोडा, वरच्या झाकणाला पुष्कळ. झाकणही शाफ्टइतकेच घासत बसल्यास खर्च वाढतो, यंत्र मात्र अधिक चांगले चालत नाही.

वाचकहो, संसारातही हाच विवेक हवा. जुलाब होणाऱ्या बाळासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. येथे हयगय नको. अधिक मीठ बाळाला अपाय करते. पण पोळी वाटोळी झाली नाही, चादरीला सुरकुती राहिली, म्हणून गृहिणीने कष्टी का व्हावे? एका अक्षरासाठी मुलाला सारे पान पुन्हा लिहावयास लावले, तर लेखनाची गोडीच जाते.

घरातील कोणते काम शाफ्टचे आणि कोणते झाकणाचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. वाचलेला वेळ थकलेल्या माणसाच्या विसाव्याला द्यावा.