बरोबरचे माणूस

वार्षिकांक म्हटला की सहलीचे वर्णन, चार कविता, एखादी विनोदी कथा आणि प्राध्यापकांचा एखादा विचारप्रवर्तक लेख, असा आपला नेहमीचा शिरस्ता. त्यात आजाराचा विषय, आणि तोही कर्करोगाचा, काहींना खटकेल याची मला कल्पना आहे. आपल्याकडे गावात तर या रोगाचे नावसुद्धा घेत नाहीत. 'त्यांना ते झाले आहे', 'मोठा आजार आहे', एवढ्यावर भागवतात. पण नाव टाळल्याने दुखणे टळत नाही. शिवाय मला लिहायचे आहे ते दुखणे बरे झाल्यावर घरात जे उरते त्याविषयी. या रोगातून उठलेल्या माणसाच्या मनाकडे, आणि त्याहूनही त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाच्या मनाकडे, आपण कोणीच लक्ष देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ऐकीव माहितीवर बनलेले नाही, म्हणून आधी घरचीच हकीकत सांगते.

अलिबागच्या दक्षिणेला आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. २०१९ च्या मे महिन्यात बाबांच्या गालाच्या आतली, बरेच दिवस न भरणारी जखम तपासली आणि कर्करोगाचे निदान झाले. पान-तंबाखूची सवय जुनी. मी तेव्हा नववीत जाणार होते. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा एक भाग काढावा लागला, आणि मग रेडिएशन, ज्याला तिथे बरेच जण 'लाईट घेणे' म्हणतात, ते सहा आठवडे चालले. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद, म्हणून एस.टी.ने वडखळ, पनवेल करीत आई बाबांना घेऊन गेली आणि एका धर्मशाळेत राहिली. नाकातल्या नळीवाटे पेज कशी द्यायची, जखम कशी पुसायची, कोणत्या खिडकीपुढे कोणत्या वेळी उभे राहायचे, हे सातवी शिकलेल्या माझ्या आईने पंधरा दिवसांत आत्मसात केले. बाबांच्या केसपेपरांची फाईल चांगली वीतभर जाड झाली. त्यात आईचे अस्तित्व एवढेच, की संमतीच्या कागदावर 'नातेवाईक' या शब्दापुढे तिची सही आहे. वॉर्डात तिला हाक मारायची ती 'पेशंटबरोबरचे माणूस' अशी.

२०२४ मध्ये पाच वर्षे पूर्ण झाली. डॉक्टरांनी सांगितले, आता वर्षातून एकदा आलात तरी पुरे. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर महिनाभराच्या आतच आईची झोप उडाली. रात्री दोन-अडीचला उठायची, बाबांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे ना ते पाहायची आणि मग पडवीत बसून राहायची. छातीत धडधड व्हायची. आमटीत मीठ दोनदा पडायचे, कधी पडायचेच नाही. गावातल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो व्यवस्थित आला, आणि ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. मी म्हटले, आपण मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवू. त्यावर ती म्हणाली, "मला काय धाड भरली आहे? आजारी ते होते."

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ या एका वाक्यात आहे.

बाबांचेही सांगते. देवळातल्या भजनात पहिला अभंग त्यांनी लावायचा, असा वर्षानुवर्षांचा पायंडा होता. आता शब्द स्पष्ट उमटत नाहीत. मंडळींनी पुष्कळ आग्रह केला, पण ते मागे, खांबाला टेकून बसतात आणि टाळ वाजवतात. लग्नकार्याला जेवायला जात नाहीत, कारण घास एका बाजूने गळतो. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधीपासून घरात बोलणे बंद. तोंडात साधा फोड आला तरी चोरून आरशात पाहतात. लोक मात्र म्हणतात, "बुवा, तुम्ही तर मरणाच्या दारातून परत आलात, आता कसली काळजी?" परत आलेल्या माणसाला ते दार कुठे आहे हे नेमके ठाऊक झालेले असते, हे कोणी लक्षात घेत नाही.

मानसशास्त्र हा माझा विषय. क्रमिक पुस्तकात हे सारे सापडले नाही, म्हणून ग्रंथालयात शोधले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात १९७७ साली जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी केवळ कर्करुग्णांच्या मनासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. पुढे त्यातून एक शाखाच उभी राहिली. बाबांचे आरशात पाहणे म्हणजे 'रोग उलटण्याचे भय'. ते या शाखेत चांगले ओळखीचे आहे. बरे झालेल्या पुष्कळ माणसांना ते असते आणि त्यात भित्रेपणा नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचेही तसेच. स्टीव्हन झारिट या संशोधकाने १९८० मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तिची २२ प्रश्नांची आवृत्ती आज इतर आजारांतही वापरतात. आपल्याला स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, आपण याहून जास्त करायला हवे होते असे वाटते का, असल्या साध्या गोष्टी त्यात विचारलेल्या आहेत. वाचताना मला आमचेच घर दिसू लागले.

मग आई पाच वर्षे ताठ उभी होती आणि पेढे वाटल्यावरच का खचली? मला वाटते, काम होते तोवर तिच्या मनाला रजाच नव्हती. औषधाची वेळ, पेज, पट्टी, एस.टी.ची वेळ, यांत भीतीलाही ताटकळत उभे राहावे लागले. काम संपले आणि ती आत आली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. पंचनाम्यात पडलेली झाडे मोजली गेली, आणि तसेच होणार. पण जे माड उभे राहिले त्यांतले दोन पुढच्या वर्षभरात शेंड्याकडून सुकत गेले. वाऱ्याने ते आतून पिळवटले होते, आणि आम्ही मात्र 'हे वाचले' असे म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. आईच्या बाबतीत आमच्याकडून नेमके हेच झाले. त्या 'आमच्या'त मीही आहे. दहावीच्या वर्षी, बाबांची पेज तू दे असे तिने सांगितल्यावर, "माझी परीक्षा आहे, तुझी नाही," असे मी फाडकन बोलले होते. तिने काही उत्तर दिले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जिथे उपचारालाच पैसे नाहीत, दागिने मोडावे लागतात, तिथे मनाचे लाड कुठून करणार? मला उलट वाटते. सरकारी योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघू शकतो. पण औषधे वेळेवर देणारे, तपासणीला नेणारे, तंबाखूची पुडी पुन्हा घरात येऊ न देणारे माणूस कोणतीही योजना देत नाही. ते माणूस कोसळले तर वरचा सगळा खर्च वाया जाण्याची भीती. म्हणून त्याची विचारपूस हा लाड नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

आणि ही जाणीव आपल्या मातीला नवी आहे असेही नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या पतीच्या, सर दोराबजींच्या, मनात त्यानंतर अशा रोगांच्या उपचाराची सोय करण्याचे आले. पुढच्याच वर्षी तेही गेले, पण विश्वस्तांनी ते काम चालवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. म्हणजे त्या थोर संस्थेच्या मुळाशी मागे राहिलेल्या एका सोबत्याचे दुःख आहे. गाडगे महाराजांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रस्त्यावर झोपताना पाहिले आणि धर्मशाळांचा ध्यास घेतला. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही परगावच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. बाबांनी बरोबरच्या माणसाच्या पाठीला जमीन दिली. त्याच्या मनाला ओसरी देण्याचे काम आपल्या पिढीकडे राहिले आहे.

हे काम फार मोठे आहे असे मी समजत नाही. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. रस्ते झाडणे, झाडे लावणे चांगलेच. त्याला एक जोड द्यावी असे मी सुचवते. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे दोघांनी आठवड्यातून एक दुपार जाऊन बसावे, म्हणजे सांभाळणारे माणूस तेवढा वेळ मोकळे होईल. मग ते बाजारात जाईल, माहेरी जाईल, नाही तर नुसते झोपेल. रात्रीच्या मासेमारीत सुकाणूवर एकच माणूस सबंध रात्र ठेवत नाहीत, पाळी बदलतात. घरातल्या सुकाणूवरच्या बाईची पाळी मात्र पाच-पाच वर्षे बदलत नाही. दुसरे, प्राध्यापकांना विनंती, की हजेरी कमी पडलेल्या विद्यार्थ्याला एकदा एकांतात घरचे विचारावे. प्रथम वर्षाला माझे तास बुडाले तेव्हा मी 'ताप होता' असे लिहून दिले, कारण खरे लिहायचे तर तो शब्द लिहावा लागला असता. तिसरे, १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक फलकावर लावावा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ही सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते, आणि फोन करणाऱ्याने स्वतः रुग्ण असले पाहिजे अशी अट नाही.

परदेशी रुग्णालयांत एक साधा कागद वापरतात. त्यावर तापमापकाचे चित्र असते, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती त्रास झाला त्या आकड्यावर खूण करायची. चार किंवा त्याहून वर खूण आली तर पुढे चौकशी करायची. दिवाळीच्या सुट्टीत मी ते चित्र वहीत काढले आणि बाबांपुढे धरले. त्यांनी बराच विचार करून चारावर बोट ठेवले. मग वही आईकडे केली. "मला कशाला?" म्हणाली. मी वही तशीच धरून राहिले. तिने पदराला हात पुसले आणि आठावर बोट ठेवले. बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. पाच वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी १४४१६ ला फोन लावला तो बाबांनी. उच्चार नीट होत नाहीत म्हणून फोनवर बोलायचे टाळणारा हा माणूस, पलीकडच्या बाईंना कळेपर्यंत तीन वेळा तेच वाक्य सांगत होता, की माझ्या बायकोला झोप लागत नाही. आई आता महिन्यातून एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते. आठाचे पाच झाले आहेत. शून्य होईल असे मी म्हणत नाही.

मित्रहो, तुमच्या आळीत असे एखादे घर असेलच. पुढच्या वेळी तिथे गेलात की 'आता कसे आहेत?' असे विचाराल, ते जरूर विचारा. पण चहाचा कप पुढे करणाऱ्या हाताकडेही एकदा पाहा आणि 'तुम्ही कशा आहात?' असे विचारा. पहिले उत्तर 'मला काय झाले आहे?' असेच येईल. त्यावर उठू नका, थोडे बसा, एवढीच नम्र विनंती.

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)