मणक्याची शस्त्रक्रिया : निर्णय ओळखीवर की माहितीवर?

पाठीचा किंवा मानेचा एमआरआय अहवाल हाती पडला की शहरी मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. एक म्हणजे अहवालातील अगम्य शब्दांचे आपापल्या परीने केलेले भाषांतर. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप पडला’, ‘नस दबली’ ही त्यातली नेहमीची. दुसरी गोष्ट म्हणजे ‘चांगल्या’ सर्जनचा शोध. हा शोध फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सोसायटीतील शेजाऱ्यांपर्यंत आणि मेहुण्याच्या साहेबांपर्यंत पोहोचतो. कोणी सांगतो, ‘अहो, आमचे काका तिसऱ्या दिवशी जिना चढले.’ कोणी बजावतो, ‘मणक्याला सुरी लागली की माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळतो.’ दोन्ही सांगणारे प्रामाणिक असतात आणि दोन्ही अनुभव खरेही असू शकतात. मात्र ज्याला निर्णय घ्यायचा आहे, त्याच्या हाती या गोंधळातून फारसे काही लागत नाही.

मणक्याच्या शस्त्रक्रियेबाबत रुग्णाचा पहिला प्रश्न ‘कोणाकडून करावी’ हा असतो. वास्तविक त्याआधी दोन प्रश्न यायला हवेत : ती कशासाठी करायची आणि नेमकी कोणती करायची. या दोहोंची उत्तरे मिळाल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाला अर्थ नाही. आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्या भारतीय रुग्णासमोर तर ऐकीव माहितीखेरीज फारसे काही ठेवलेलेच नाही. या व्यवहारातील खरा दोष तो आहे.

अहवाल म्हणजे आजार नव्हे

एमआरआयमध्ये दिसणारा प्रत्येक बदल दुखण्याचे कारण असतोच असे नाही. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय तपासण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली, तर २७ टक्के व्यक्तींमध्ये ती बाहेर डोकावत होती. ही सारी धडधाकट माणसे होती. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. वेदना नसलेल्या विशीतील माणसांतही सुमारे ३७ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसते आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर जाते, असे त्यातून पुढे आले.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नव्हे. केस पांढरे होणे जसे वयाचे लक्षण, तशीच गाद्यांची बरीचशी झीजही वयाचीच, इतकाच त्याचा अर्थ. रुग्णाची तक्रार, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी आणि अहवाल या तिन्हींचा मेळ बसला, तरच शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होऊ शकते. रुग्णाला तपासणीच्या टेबलावर न झोपवता, पायाची ताकद व संवेदना न पाहता, केवळ फिल्म दिव्यासमोर धरून तारीख देणारा सर्जन कितीही नामांकित असला, तरी तेथे थबकावे हे बरे.

कोणाला लाभ, किती लाभ

पाठीत दुखणे आणि पाठीतून निघून पायात उतरणारी कळ यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मज्जातंतूच्या मुळावर दाब असतो आणि तो दूर करणारी शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी ठरते. नुसत्या कंबरदुखीत मात्र शस्त्रक्रियेचा लाभ पुष्कळच अनिश्चित असतो. सर्जनांच्या दृष्टीने प्राथमिक असलेला हा भेद रुग्णापर्यंत अनेकदा पोहोचतच नाही. मग पायाची कळ गेली तरी कंबर दुखतेच आहे, म्हणून ‘ऑपरेशन फसले’ असे तो सांगत फिरतो. शस्त्रक्रिया ज्यासाठी केली, ते तिने साधलेले असते. ती कशासाठी नव्हती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

जेथे शस्त्रक्रिया उपयोगी आहे, तेथेही ती बहुतेकदा तातडीची नसते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करायची आणि दुसऱ्याने औषधे व व्यायामावर वाट पाहायची, असे ठरले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम नक्कीच लवकर पडला. मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, म्हणजेच उरलेल्यांची ती टळली. तेव्हा अशा रुग्णापुढील प्रश्न पुष्कळदा ‘शस्त्रक्रिया की कायमचे अपंगत्व’ असा नसतो. ‘आराम लवकर हवा की थांबण्याची तयारी आहे’ असा असतो. रोजंदारीवर किंवा सुटी न मिळणाऱ्या नोकरीत असलेला माणूस आणि निवृत्त गृहस्थ यांची उत्तरे वेगळी असू शकतात आणि ती दोन्ही योग्य असू शकतात.

याला काही ठळक अपवाद आहेत. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या व बैठकीच्या भागात बधिरता येणे, पाय किंवा पाऊल झपाट्याने लुळे पडत जाणे ही लक्षणे दिसताच तासांचा हिशेब सुरू होतो. मानेतील मज्जारज्जूवर दाब येऊन चालताना तोल जाऊ लागला, हातांची बोटे शर्टाची बटणे लावताना अडखळू लागली, तरीही फार काळ थांबणे धोक्याचे. ऑपरेशनच्या भीतीने मालिश, पट्टा आणि हाडवैद्य यांच्यात महिनोन्‌महिने घालवणारे रुग्ण अनावश्यक शस्त्रक्रियेइतकेच, किंबहुना अधिक, नुकसान करून घेतात. भारतात तर मणक्याच्या क्षयाची शक्यताही लक्षात ठेवावी लागते. त्याचा मुख्य उपचार क्षयाची औषधे हा असून शस्त्रक्रिया काही रुग्णांनाच लागते.

लहान शस्त्रक्रिया, मोठी शस्त्रक्रिया

‘मणक्याचे ऑपरेशन’ हा एकच शब्द अनेक भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. सरकलेल्या गादीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली काढणे, अरुंद झालेला मार्ग मोकळा करणे, आणि स्क्रू व सळ्या बसवून दोन वा अधिक मणके एकमेकांशी जोडणे यांत जोखीम, खर्च आणि नंतरचे आयुष्य या तिन्ही बाबतींत मोठे अंतर आहे.

अमेरिकेतील मेडिकेअर योजनेतील वृद्ध रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला, २०१० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेला अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. मणक्यातील मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांवर मणके जोडण्याच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण २००२ ते २००७ या काळात सुमारे पंधरा पट वाढले. जिवावर बेतू शकणाऱ्या गुंतागुंतीचे प्रमाण साध्या शस्त्रक्रियेत २.३ टक्के, तर या मोठ्या शस्त्रक्रियेत ५.६ टक्के होते. रुग्णालयाचे सरासरी बिलही तिपटीहून अधिक. पाच वर्षांत म्हाताऱ्या माणसांचे मणके पंधरा पट बिघडले, असे कोणी म्हणणार नाही. स्वीडनमधील २४७ रुग्णांवरील आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा रुग्णांत मार्ग मोकळा करण्याच्या जोडीने मणके जोडल्यामुळे दोन वर्षांनंतर अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

अस्थिभंग, गाठ, वाढता बाक किंवा मणक्यांची खरी अस्थिरता असेल, तर स्क्रू बसवण्याला पर्याय नसतो. मात्र जेथे पर्याय असतो, तेथे मोठ्या शस्त्रक्रियेकडे झुकण्यात आर्थिक हितसंबंध असू शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल मोबदला देणे वा घेणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. तरीही २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून ‘कट प्रॅक्टिस’ रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार करून घ्यावा लागला, यातच सारे आले. प्रामाणिक सर्जनांची संख्या मोठी आहे यात शंका नाही. परंतु या पद्धतीचा पहिला बळी त्यांचीच विश्वासार्हता ठरते.

सर्जन निवडायचा कसा?

भारतात मणक्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोन वाटांनी येतात : अस्थिरोगशास्त्रातून आणि मेंदू व मज्जातंतू शल्यचिकित्सेतून. यातील कोणती वाट श्रेष्ठ, हा वाद रुग्णाच्या दृष्टीने निरर्थक आहे. त्याने पाहायचे ते हे, की या सर्जनच्या कामात मणक्याचा वाटा किती आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र प्रशिक्षण आता देशात उपलब्ध आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची या विषयातील फेलोशिप हे त्याचे एक उदाहरण.

प्रत्यक्ष भेटीत विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. माझ्या वेदनेचे नेमके कारण कोणते आणि ते कशावरून ठरवले? शस्त्रक्रियेने कोणती तक्रार जाईल आणि कोणती राहू शकेल? ती केली नाही तर काय होईल? याहून लहान शस्त्रक्रिया चालणार नाही का? हीच शस्त्रक्रिया वर्षाला आपण किती करता? आपल्या रुग्णांत जंतुसंसर्ग किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ किती जणांवर येते? शस्त्रक्रिया आपण स्वतः करणार की सहकारी? उत्तरे देताना जो सर्जन चिडत नाही, जो स्वतःच्या अपयशाविषयी बोलू शकतो आणि ‘तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही’ असेही काही रुग्णांना सांगतो, त्याच्याकडे विश्वासाने पाहता येते. शंभर टक्के यशाची हमी देणारा मात्र संशयास पात्र ठरतो. अमेरिकेतील ‘स्पोर्ट’ या मोठ्या अभ्यासात गादीची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १५ टक्के रुग्णांवर आठ वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. हमीची भाषा या क्षेत्राला शोभत नाही.

दुसऱ्या सर्जनचे मत घेतल्यास पहिले डॉक्टर रागावतील, ही भीती आपल्याकडे अजून आहे. वस्तुतः तो रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत दुसऱ्या मताचा हक्क स्पष्टपणे नोंदवलेला आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला वैद्यकीय नोंदी मिळाल्या पाहिजेत, असे २००२ ची आचारसंहिताही सांगते. संमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्यातील २००८ चा निकाल महत्त्वाचा आहे. ते प्रकरण मणक्याचे नव्हते. परंतु उपचाराचे स्वरूप, त्यातील जोखीम, उपलब्ध पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमतीच खरी, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री छापील कागदावर घाईने घेतलेली सही या कसोटीला कितपत उतरते, याचा विचार रुग्णालयांनी करायचा आहे.

अनुभवांची नोंद हवी

इतके प्रश्न विचारूनही एक अडचण राहतेच. सर्जनने सांगितलेले आकडे पडताळायचे कोठे? स्वीडनमध्ये १९९३ पासून मणक्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ठरावीक वर्षांनी प्रश्नावली पाठवून वेदना किती उरली, चालता किती येते, कामावर परतला का, हे रुग्णालाच विचारले जाते. ब्रिटनमध्येही २०१२ मध्ये अशी नोंदवही सुरू झाली. शेजाऱ्याकडून ऐकलेला एक अनुभव आणि तेथे जमा झालेले हजारो अनुभव यांत हाच फरक आहे. पहिल्यातून भीती किंवा भाबडा विश्वास निर्माण होतो. दुसऱ्यातून माहिती मिळते.

भारतात मणक्याच्या शस्त्रक्रियांची अशी सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नाही. ती उभारणे अशक्य आहे असेही नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या आरोग्य विमा योजना आणि सरकारी रुग्णालये यांच्यापासून सुरुवात करता येईल. ज्या शस्त्रक्रियेचे बिल सरकार भरते, तिचा परिणाम वर्षभराने रुग्णाला विचारावा, ही मागणी अवाजवी नाही. कठीण रुग्ण स्वीकारणाऱ्या सर्जनवर अन्याय होऊ नये म्हणून वय, मधुमेह, धूम्रपान आणि आजाराची तीव्रता यांचा विचार आकड्यांत करावा लागेल. मात्र ती हिशेबाची अडचण आहे. नोंदच न ठेवण्याची सबब ती होऊ शकत नाही.

तोवर रुग्णाच्या हाती उरते ते इतकेच : तातडीची लक्षणे नसतील तर घाई न करणे, कागदपत्रांची फाईल स्वतःजवळ ठेवणे, दुसरे मत घेणे आणि संकोच न करता प्रश्न विचारणे. ओळखीने डॉक्टरांची वेळ लवकर मिळू शकते. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र तिच्यावर सोपवता येत नाही.