अस्सलतेचे सोवळे

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक नवे सोवळे पाळले जाऊ लागले आहे. वस्तू 'ओरिजिनल' आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर नकारार्थी येताच किंमत निम्म्यावर आणावयाची. वस्तू उघडून पाहण्याचे कष्टही मग पडत नाहीत. या सोवळ्याशी आमची गाठ गेल्या वर्षी पडली, तीही एका इलेक्ट्रिक गिटारच्या निमित्ताने. आमचा त्या वाद्याशी संबंध श्रोता म्हणूनच काय तो. तरीही ज्या बेफिकिरीने तिची किंमत केली गेली ती पाहून लेखणी उचलणे भाग पडले.

गिटार आमच्या एका दिवंगत स्नेह्यांची. अमेरिकेतील फेंडर कंपनीची, १९७३ सालची स्ट्रॅटोकास्टर. त्यांच्या थोरल्या बंधूंनी १९७९ मध्ये परदेशाहून परतताना ती बडोद्यास आणली आणि पुढे तीसेक वर्षे ती कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत, लग्नाच्या स्वागतसमारंभांत आणि मुख्यतः नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजली. स्नेह्यांच्या पश्चात वहिनींनी तिची छायाचित्रे मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठविली. फोनवर उत्तर आले: मॉडिफाइड आहे, निम्मी किंमत. वर दोन सल्लेही मिळाले. एक, मिळाल्यास जुन्या बनावटीचे भाग शोधून बसवा आणि मग काही बोलू नका. दुसरा, गिटार सुटी करून दांडी, खुंट्या, पिकअप वेगवेगळे विका, जास्त पैसे होतील.

आमची हयात राज्य शासनाच्या सेवेत मिळकतींचे मूल्यांकन करण्यात गेली. जंत्रीतील दर ही केवळ सुरुवात असते, हे त्या कामातील नवशिक्या कारकुनासही ठाऊक असते. ओसरी बंद करून खोली काढली असेल तर जागेवर जाऊन पाहावे लागते: भिंत कशावर उभी आहे, तुळईस धक्का लागला आहे काय, राहणाऱ्याची सोय वाढली की घर खिळखिळे झाले. शिवाय महसुली दप्तरात 'फेरफार' हा शब्द दूषण म्हणून येत नाही. वारसा, विक्री, वाटणी, जे घडले त्याची नोंद म्हणजे फेरफार. नोंदलेल्या फेरफाराने मिळकतीचे काही बिघडत नाही. न नोंदलेल्याचे मात्र पुढे दावे होतात. गिटारच्या व्यापाऱ्यांनी नेमके उलटे चालविले आहे: उघड फेरफारास दंड आणि झाकलेल्यास बक्षीस.

तेव्हा आम्ही एका जाणत्या वादकास सोबत घेऊन ती गिटार उघडून पाहिली. पाठीवर दांडी जोडणारी तीन स्क्रूंची पाटी आणि तीवर क्रमांक. हा क्रमांक पुष्कळांना वेदवाक्य वाटतो. पण पाटी चार मिनिटांत काढून दुसऱ्या गिटारवर बसविता येते. त्याहून बोलका पुरावा आत असतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली जो पॉट असतो त्यावर आकडे छापलेले असतात. आमच्यासमोर १३७ ने सुरू होणारा सात अंकांचा क्रमांक होता. १३७ ही सीटीएस या उत्पादकाची खूण, पुढचे दोन अंक वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. वर्ष निघाले ७३. अर्थात यावरून पॉट कधीचा ते कळते, म्हणजे गिटार त्यापूर्वीची नाही इतकेच. म्हणून दांडीच्या बुडाशी असलेली खूण, जुने डाग, स्क्रूंची भोके आणि लाकडावरचा रंग ही सारी साक्ष एकमेकींशी जुळते काय ते पाहावे लागते. येथे ती जुळली.

आता फेरफार. पडदे, ज्यांना गिटारवाले फ्रेट म्हणतात, दोनदा बदललेले होते. याबद्दल किंमत कापणे आम्हांस हास्यास्पद वाटते. पोलादी तारा रोज घासल्या की धातूचे पडदे झिजणारच. मूळ पडदे जपायचे तर गिटार वाजवू नये, हा एकच उपाय. तंबोऱ्याची जवारी पुन्हा काढली म्हणून तंबोरा बाटला असे कोणी म्हणेल काय? पाहावयाचे ते हे, की पडदे बदलताना दांडीचे लाकूड किती तासले गेले, दांडीस पीळ पडला आहे काय आणि आतील लोखंडी सळईस अद्याप फिरण्यास वाव आहे काय. हे तपासण्यास दहा मिनिटे पुरतात, पण छायाचित्रावरून ते होत नाही.

दुसरा फेरफार पिकअप निवडण्याच्या स्विचचा. मूळचा तीन जागी थांबणारा, बसविलेला पाच जागी थांबणारा. याचा इतिहास मौजेचा आहे. १९५४ पासून कंपनी तीनच जागांचा स्विच देत असे. वादकांनी तो मधल्यामध्ये अडकवून दोन पिकअपचा मिश्र आवाज काढण्यास आरंभ केला आणि तो आवाज इतका रुळला की १९७७ मध्ये कंपनीने स्वतःच पाच जागांचा स्विच देऊ केला. ज्या फेरफारापुढे खुद्द कारखान्याने मान तुकविली, त्यासाठी बडोद्याच्या विधवेच्या हिशेबातून पैसे कापावयाचे! मूळ स्विच एका डबीत जपून ठेवलेला सापडला, हे येथे नमूद करतो.

तिसरा मात्र खरोखर गंभीर. घोडीजवळचा मूळ एकेरी वेटोळ्याचा पिकअप काढून तेथे दुहेरी वेटोळ्याचा हंबकर बसविला आहे आणि त्यासाठी धडाचे लाकूड कोरले आहे. कोरलेले लाकूड परत येत नाही. वरून प्लॅस्टिकची पट्टी असल्याने खड्डा दिसत नाही. लबाड विक्रेता येथेच फसवितो. येथे किंमत उतरली पाहिजे, हे आम्ही विनातक्रार मान्य करतो. पण ती का कोरली, हेही ध्यानात घ्यावे. एकेरी वेटोळे वीजप्रवाहाची घरघर पकडते. गरब्याच्या मंडपातील रोषणाई आणि जनरेटर यांच्या शेजारी उभे राहून वाजविणाऱ्याने हंबकर बसविला तर तो काही वस्तूचा शत्रू नव्हे.

सोवळ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० मधील सनबर्स्ट लेस पॉल गिटार थोड्या निघाल्या; अशा एखाद्या अबाधित राहिलेल्या वाद्यास आज कोणी पटाशी लावू नये, हे आम्हांसही मान्य. ते वाद्य म्हणजे पुरावा आहे. पण १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर विकत घेतल्यानंतरच्या, कारखान्याने मोठ्या संख्येने काढलेल्या गिटारीस तोच नियम लावणे म्हणजे चाळीतील खोलीस लेण्यांचे नियम लावणे होय.

आणि हा नियम त्याचे पुरस्कर्ते तरी पाळतात काय? एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटोकास्टरांचे भाग जोडून तयार झाली. २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटची दांडी बदलली, पिकअप बदलले, एकदा तर घोडी बदलण्यासाठी लाकूडही कोरले. २०१९ मध्ये ती ३९,७५,००० डॉलरला गेली. हे मोल नावाचे आहे, वाद्याचे नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. मग स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनांचे काय? १७३७ मध्ये तो कारागीर वारला. पुढे सभागृहे मोठी झाली, अधिक ताणाच्या आवाजाची गरज पडली, आणि त्याच्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांच्या माना काढून लांब व अधिक कललेल्या माना बसविण्यात आल्या, आतील पट्टीही बदलण्यात आली. त्यांना कोणी 'मॉडिफाइड' म्हणून निम्म्या भावात मागत नाही. फार लांब कशास, जुन्या पॅरिस बनावटीचे सूर नव्या पेटीत बसविलेली हार्मोनियम आपल्याकडे वादक कोणत्या आदराने हाताळतात ते पाहावे. तेथे खोक्याचे कूळ कोणी विचारीत नाही.

आमच्या मराठीत गुजरातीचे शब्द ऐकून पुण्याचे पाहुणे ज्या तऱ्हेने हसतात ती तऱ्हा आम्हांस येथे आठवली, एवढे सांगून हा विषय सोडतो.

या सोवळ्याचा खरा बळी कोण, ते व्यापाऱ्याच्या दुसऱ्या सल्ल्यात आहे. सबंध गिटारीस निम्मी किंमत आणि तिच्या सुट्या भागांना चढा भाव, असे झाले की वाजते वाद्य मोडणे फायद्याचे ठरते. ते भाग जातात कोठे? दुसऱ्या एखाद्या गिटारला पुन्हा 'ओरिजिनल' करण्यासाठी. म्हणजे एक प्रामाणिक, फेरफार उघडपणे मिरविणारे वाद्य नष्ट करून त्यातून एक खोटे सोवळे वाद्य उभे करावयाचे आणि त्यास पूर्ण भाव घ्यावयाचा. आम्ही नोकरीत बनावट सातबारे पाहिले आहेत, जात तीच.

वहिनींनी मोडण्यास नकार दिला. आम्ही एक कागद केला: कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, बदल साधारण कोणत्या साली, परत फिरविता येणारा की नाही, पॉटवरील आकडे, कोरलेल्या जागेचे छायाचित्र. तो कागद आणि जुन्या स्विचची डबी गिटारच्या पेटीतच ठेवली आहे. सुरतेचा एक तरुण वादक दोनदा येऊन वाजवून गेला. त्याने पट्टी स्वतः उघडली, खड्ड्यात बोट घालून पाहिले, कागद वाचला आणि मग आकडा सांगितला. तो व्यापाऱ्याच्या आकड्याहून बराच वर आहे. नवरात्र झाल्यावर कळविते, असे वहिनींनी त्यास सांगितले आहे.